बेहडदऱ्याच्या पोरांनी मोजलेला साग

त्या वर्षी बेहडदऱ्यात कापूस ठेवायला जागा उरली नव्हती. सरकारी खरेदी आज सुरू होईल, उद्या सुरू होईल, असं म्हणता म्हणता दिवाळी होऊन गेली, डिसेंबर लागला, आणि व्यापारी सांगेल त्या भावात माल घालायला कुणाचा जीव होत नव्हता. घरांच्या ओसऱ्या भरल्या, माजघरं भरली, गुरं अंगणात बांधून लोकांनी गोठेही भरले. मग एका सकाळी शाळा समितीचे अध्यक्ष भगवानराव शाळेत आले आणि नागोराव गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, तुमची एक खोली खाली पडून हाय. पंधरा दिवसाचा प्रश्न हाय. गावाचा कापूस ठेवू द्या."

खोली रिकामी होती हे खरंच. दुसऱ्या मास्तरांची जूनमध्ये बदली झाली होती आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. पहिली ते चौथीच्या अडतीस पोरांना नागोराव एकटेच एका खोलीत शिकवत होते. गावाची अडचण डोळ्यांसमोर होती. ते हो म्हणाले. चार दिवसांत दुसरी खोली खिडकीपर्यंत पांढरी झाली. आठव्या दिवशी वर्गाच्या मागच्या भिंतीलाही ढीग लागला आणि पोरं फळ्याकडे सरकून एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी बसू लागली.

मग खाज सुरू झाली. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात. दिसत नाहीत, पण अंगाची आग करतात. पोरं एका हातानं लिहीत आणि दुसऱ्या हातानं खाजवत. भगवानरावांचा स्वतःचा नातू नयन तिसरीत होता. त्याची मान लालबुंद झाली, वर खोकला लागला. हळूहळू पोरं येईनाशी झाली. काही आईबरोबर कापूस वेचायला गेली, काही नुसतीच घरी राहिली. एका सोमवारी नागोरावांनी हजेरी घेतली तेव्हा समोर अकरा पोरं होती.

शाळेची खिचडी रुपीबाई शिजवत असे. ती जंगलाच्या कडेला असलेल्या कोलाम पोडावर, म्हणजे दहा-बारा घरांच्या वस्तीवर राहायची. अकरा ताटल्या वाढून झाल्यावर ती पदराला हात पुसत गुरुजींपाशी आली.

"गुरुजी, पोट्ट्याइले रानात घेऊन चला. नाल्याच्या पलीकडं मोहाची मोठी झाडं हायत. मी खिचडी तिथंच शिजवतो."

"शाळा सोडून रानात? कायले?"

"मंग इथं कोणती शाळा राह्यली हाय? इथं तं कापसाची जिनिंग झाली."

नागोरावांना हसू आलं नाही. पोरांना वर्गाबाहेर बसवणं ही गोष्ट त्यांच्याच्यानं होणारी नव्हती, आणि त्याचं कारण त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या बापानं शाळा बाहेरून ऐकली होती. वर्गाच्या पायरीखाली, मातीत, ऊन सरकेल तसं सरकत. आतल्या पोरांनी पाढे म्हणायचे, ह्यानं ते ऐकून बोटानं धुळीत आकडे काढायचे. दोन वर्षांनी त्यानं तेही सोडलं. पुढं छप्पन साली घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा नागोराव सात वर्षांचे होते. बाप त्यांचा हात धरून शाळेत गेला आणि मास्तरांना एवढंच म्हणाला, "पोरगा आत बसंल." नागोराव आत बसले, शिकले, मास्तर झाले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही पोराला शिक्षा म्हणूनसुद्धा दाराबाहेर उभं केलं नव्हतं. आणि आता निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं असताना सगळा वर्गच बाहेर काढायचा?

पण दुसऱ्या दिवशी नऊच पोरं आली, आणि त्यातलं एक खाजवून खाजवून रडत होतं. नागोरावांनी फळा भिंतीवरून उतरवला, चौथीतल्या राजदीपच्या डोक्यावर दिला आणि म्हणाले, "चला. कापूस उचलेपर्यंतच."

पहिले तीन दिवस फजितीचे गेले. गुरुजींनी मोहाच्या बुंध्याला फळा टेकवला, पोरांना रांगेत बसवलं आणि भागाकार काढला. पण पोरांचं लक्ष फळ्यावर ठरेना. वर कुठं खार पळाली की अठरा डोळे तिच्यामागे. पाचोळ्यात काही खसफसलं की सगळ्या माना तिकडे. तिसऱ्या दिवशी तर चार पोरं सरळ पाठ फिरवून बसली. गुरुजींचा आवाज चढला.

चुलीपाशी बसलेली रुपीबाई शांतपणे म्हणाली, "गुरुजी, रागावू नका. त्याइनं तुमच्याकडं पाठ नाई केली, झाडाकडं तोंड केलं."

मग, काय वाटलं कोण जाणे, गुरुजींनी खडू खिशात टाकला आणि पोरांच्या मागे जाऊन बसले. "सांगा मंग. काय पाहून राह्यले?"

आणि मग एक बारीक आवाज आला. "ठोकणारा पक्षी."

बोलली ती पायल होती. बापूजी टेकाम म्हणून एक मध काढणारा कोलाम होता, त्याची मुलगी. तिसरीच्या वर्गात तिचं हे दुसरं वर्ष. घरी कोलामी बोलायची, वर्गात काहीच बोलायची नाही. प्रगतिपुस्तकात गुरुजींनी दोन वर्षं तिच्यापुढं "प्रतिसाद नाही" असंच लिहिलं होतं.

"कुठं हाय?" गुरुजींनी विचारलं.

ती उठली. गुरुजींचा हात धरला नाही, पण दोन पावलं जाऊन वळून पाहिलं, चला म्हणून. वाळलेल्या एका सालईपाशी तिनं त्यांना नेलं आणि खोडावरची भोकं दाखवली. खालची जुनी, कडा काळ्या पडलेल्या. वरची ताजी, आत लाकूड पिवळं. "हे मागच्या वर्षाचं. हे आताचं. जुन्यात आता पोपट राहते. ठोकणारा एका घरात दोनदा नाई राहत." एवढं बोलून तिनं त्या पक्ष्याचं कोलामी नाव सांगितलं.

नागोरावांना त्या पक्ष्याचं मराठी नाव ठाऊक होतं, पुस्तकात चित्रही पाहिलं होतं. तो एका घरात दोनदा राहत नाही हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून खडू काढला, पायलच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्या झाडावर भोकं किती ते फळ्यावर लिही."

तिनं लिहिलं. सात. आकडा उलटा आला होता. गुरुजींनी तो पुसला नाही. शेजारी त्यांनी सरळ सात काढला आणि पुढं गेले. दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन सरळ काढला.

तिथून पुढं शाळेची तऱ्हाच बदलली. बेहड्याची फळं झाडाखाली पडलेली असत. ती गोळा करायची, दहाच्या ढिगात लावायची, हजर असतील तितक्या जणांत वाटायची, उरलेली "बाकी" म्हणून वेगळी ठेवायची. जो भागाकार फळ्यावर तीन महिने कुणाच्या गळी उतरला नव्हता, तो पाच दिवसांत उतरला, कारण बाकी आता दिसत होती, हातात घेता येत होती. नाल्याच्या ओल्या रेतीत पोरं बोटानं लिहीत. चुकलं की तळहातानं पुसत. पहिलीची पोरं पानांच्या शिरा मोजत. एक काठी जमिनीत रोवून पोरं तिच्या सावलीजवळ दगड मांडत. सावली तिसऱ्या दगडावर आली की खिचडी तयार असते, हे त्यांचं त्यांनीच शोधलं. रुपीबाईनं रानाचे नियम घालून दिले होते. हाकेच्या टप्प्याबाहेर जायचं नाही. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटायची. अनोळखी फळ तोंडात घालायचं नाही, आणि दगडाखाली हात तर नाहीच नाही. हे नियम पोरांनी पाढ्यांपेक्षा लवकर पाठ केले.

बातमी पोडावर आणि गावात पसरली. वेचणीला गेलेली पोरं एकेक करून परत येऊ लागली. आयांनी ओरडून पाहिलं, पण पोरं पहाटे शेतात तास-दीड तास वेचून, तोंड धुऊन, साडेदहाला नाल्यावर हजर होत. जानेवारीच्या मध्यावर हजेरीत पस्तीस पोरं होती. नयनची मान बरी झाली आणि खोकला कधी थांबला ते त्याच्या आईलाही कळलं नाही.

फेब्रुवारी लागला आणि खरेदी सुरू झाली. तीन दिवसांत गाड्या भरून कापूस गेला. भगवानरावांनी खोल्या झाडून घेतल्या, औषध मारून घेतलं आणि किल्ली गुरुजींच्या हातावर ठेवली. बोलल्याप्रमाणे नागोरावांनी फळा पुन्हा भिंतीवर टांगला.

वर्ग भरला. पोरं रांगेत बसली. गुरुजींनी भागाकार घातला. पोरांना तो आला, पण आवाज होईना. नयन खिडकीबाहेर पाहत होता. पायल मागच्या भिंतीशी जाऊन बसली होती, पूर्वी बसायची तिथंच. गुरुजींनी तिला दोनदा विचारलं. ती उभी राहिली, खाली पाहिलं, आणि बोलली नाही. आठवडाभर ती बोलली नाही.

नागोराव राळेगावला राहायचे आणि सायकलनं येणं-जाणं करायचे. त्या शनिवारी घरी आले ते गप्पगप्पच. बायको तुळसाबाईनं चहा पुढं ठेवला आणि विचारलं, "काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. पायलचं, पक्ष्याचं, परत आल्यावरच्या गप्प वर्गाचं. शेवटी म्हणाले, "माहा बाप जिंदगीभर आत यायले तरसला. अन् मी पोट्ट्याइले बाहेर नेऊ? तो काय म्हणला असता?"

तुळसाबाई म्हणाली, "तुमच्या बापाले एकट्याले बाहेर बसवलं होतं. मास्तर आत होता, पोरं आत होती. तुम्ही तं सगळ्याइले घेऊन जाता, अन् मास्तर बी संगंच जाते. हे एक कसं होईल?"

नागोरावांनी चहा संपवला. सोमवारी ते शाळेत गेले, किल्ली खिशातून काढलीच नाही, आणि फळ्याऐवजी नुसता खडूचा डबा घेऊन पोरांपुढं नाल्याच्या वाटेला लागले. मागं पोरांनी जी आरोळी ठोकली ती भगवानरावांच्या वाड्यापर्यंत ऐकू गेली.

नको ते घडलं ते चौथ्या दिवशी. नयन नाल्यातल्या खडकावरून घसरला आणि कपाळ फुटलं. राळेगावला नेऊन दोन टाके घालावे लागले. गुरुजी स्वतः त्याच्याबरोबर दवाखान्यात बसले होते, पण संध्याकाळी भगवानरावांनी समिती बोलावलीच. केंद्रप्रमुखांनाही, म्हणजे आसपासच्या दहा शाळांवर देखरेख करणाऱ्या तरुण साहेबांना, निरोप गेला.

"कापूस होता तवाची गोष्ट अलग होती," भगवानराव म्हणाले. "आता खोली खाली हाय. साफ हाय. मंग पोट्टे रानात काहून? उद्या साप चावला तं जिम्मेदार कोण?"

"पोरगं पडलं ती माझी चूक," नागोराव म्हणाले. "त्या खडकावर मी उभं राहायला पाहिजे होतं. उद्यापासून राहीन."

भगवानरावांचं म्हणणं नागोरावांना समजत होतं. खरा घाव आला तो पलीकडून. पायलचा बाप बापूजी दाराशी उकिडवा बसला होता. तो सहसा गावच्या बैठकीत बोलत नसे. तो म्हणाला, "गुरुजी, जंगल आमच्या घरीच हाय. माही पोरगी जंगलात जल्मली. मी तिले शाळेत धाडतो ते जंगलातून काहाडाले. तुम्ही तिले परत तिथंच नेऊन राह्यले."

हे बोलणं नागोरावांच्या बापाचंच होतं, दुसऱ्या तोंडून आलेलं. नागोराव सावकाश म्हणाले, "बापूजी, तुझी मुलगी दोन वर्षं माझ्या वर्गात बसली आणि मला वाटलं हिला काही येत नाही. चूक तिची नव्हती. मी तिला जे येतं ते कधी विचारलंच नव्हतं. मी तिला जंगलात ठेवायला नेत नाही. तिला जे येतं तिथून धरून पुढं न्यायला नेतो. बोलून पटणार नाही. पुढच्या गुरुवारी तुम्ही सगळे या. डोळ्यांनी पाहा. नाही पटलं तर शुक्रवारपासून वर्ग खोलीत."

गुरुवारी निम्मं गाव नाल्यापलीकडं आलं. केंद्रप्रमुख मोटारसायकल अलीकडं लावून, बूट हातात घेऊन नाला ओलांडून आले. नागोरावांनी आदल्या दिवशी पोरांची तयारी करून घेतली होती. पहिलीनं पानं ओळखली, दुसरीनं बेहडे मोजले, तिसरीनं पाढे म्हटले, चौथीनं नाल्याचा नकाशा दाखवला. सगळं बिनचूक झालं. आणि नागोरावांना दिसत होतं की काही पोहोचत नाही. बायका पदराआड जांभया देत होत्या. केंद्रप्रमुख घड्याळ पाहत होते.

भगवानराव उठले. "गुरुजी, हे पाठ केलेलं झालं. पाठ तं खोलीत बी होते." त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि नाल्याच्या काठाला उभ्या असलेल्या जुन्या सागाकडं बोट केलं. पानं झडून गेलेला, सरळसोट, एकटा साग. "हे झाड किती उंच हाय, सांगा म्हणा पोट्ट्याइले. न चढता सांगा."

हे नागोरावांनी शिकवलंच नव्हतं. प्राथमिकच्या पुस्तकात असलं काही नव्हतं. त्यांना स्वतःला उत्तराची रीत ठाऊक होती, ओठांवर आली होती, पण त्यांनी तोंड घट्ट मिटलं. आता ते एक शब्द जरी बोलले तर सगळं गुरुजींचंच ठरणार होतं.

पोरं झाडाभोवती जमली. राजदीपनं बुंध्याला मिठी मारली, दोघांनी मान मागं टाकून वर पाहिलं. कुणी म्हणालं तीस मीटर, कुणी म्हणालं शंभर. मोठ्यांतही अंदाज सुरू झाले. भगवानराव म्हणाले पंचवीसच्या खाली नाही. केंद्रप्रमुख हसून म्हणाले पंधरा असेल. पायल झाडाकडं पाहतच नव्हती. ती जमिनीकडं पाहत होती. सागाची सावली काठावरच्या मोकळ्या जागेत लांब पसरली होती. ती सावलीच्या टोकापर्यंत चालत गेली. मग रोजच्या काठीकडं गेली, खिचडीची वेळ सांगणाऱ्या. परत सागाकडं आली.

"नयन," ती म्हणाली, "मीटरची पट्टी आण."

शाळेची एक मीटरची लाकडी पट्टी नयननं पळत आणली. कपाळावर पांढरी पट्टी बांधलेलीच होती. पायलनं ती सपाट जमिनीवर उभी धरायला लावली आणि तिच्या सावलीवर सुतळी ताणली.

"काठीची सावली काठीपरीस लहान हाय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू येत होता. "झाडाची सावली बी झाडापरीस तितकीच लहान असंल. एकच सूर्य हाय ना." तिनं सुतळी तोडली. "ही सुतळी झाडाच्या सावलीत जितक्या वेळा बसंल, तितक्या काठ्या झाड उंच हाय."

नागोरावांच्या ओठांवर आली होती ती हीच रीत.

"पण सावली पळते!" राजदीप ओरडला. "मोजता मोजता सरकून जाईल!"

"मंग दोन्हीकडं एकदमच खुंट्या ठोका," पायल म्हणाली. "मी हो म्हणलं की."

पोरं धावली. एक टोळी सागाच्या सावलीच्या टोकाशी, एक पट्टीपाशी. पायलनं हात वर केला, "हो!" म्हणाली, आणि दोन्हीकडं दगडानं खुंट्या ठोकल्या गेल्या. आता सावली कितीही पळाली तरी हरकत नव्हती. काठीच्या खुंटीवरून तिनं सुतळी पुन्हा नीट तोडून घेतली आणि बुंध्यापासून मोजायला लागली. सगळी पोरं तिच्याबरोबर एका सुरात मोजत होती. एक. दोन. तीन. दहाच्या पुढं आयाही मोजू लागल्या. एकोणीसला सुतळी बसली आणि खुंटी अजून पुढं होती. पायलनं सुतळी दुमडून अर्धी केली. ती बरोबर बसली.

"साडेएकोणीस मीटर," ती म्हणाली.

"आता हे खरं कायवरून?" भगवानरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

तेव्हा बापूजी उठला. कुणाशी काही न बोलता त्यानं कमरेचा दोर सोडला, एक लांब बारीक बांबू घेतला, त्याच्या शेंड्याला दोर बांधला आणि सागाला पाय लावला. मधासाठी ह्याहून उंच झाडं त्यानं आयुष्यभर चढली होती. तो सरसर वर गेला. जिथं खोड त्याला पेलेल तिथं थांबला आणि बांबू वर सारत गेला. लांब उभी राहिलेली रुपीबाई हात हलवून सांगत होती, "अजून, अजून, बस! शेंड्याबरोबर आला!" बापूजीनं दोर खाली सोडला. राजदीपनं तो जमिनीला टेकेल तिथं गाठ मारली.

दोर खाली आला. भगवानरावांनी त्याला कुणालाही हात लावू दिला नाही. स्वतः मांडी घालून बसले, मीटरची पट्टी घेतली आणि शेंड्यापासून गाठीपर्यंत मोजू लागले. मोजता मोजता त्यांचे ओठ हलत होते. सतरा. अठरा. एकोणीस. मग पट्टी लावली, अर्ध्यावर बोट ठेवलं, आणि उरलेल्या दोरावर हाताची वीत मांडली.

"साडेएकोणीस," ते म्हणाले, "अन् वर एक वीत."

मग केंद्रप्रमुखांनीच टाळी वाजवली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. पोरं नाचत होती, रुपीबाई चुलीवरची खिचडी विसरून पोरांच्या मध्ये गेली होती, आणि नयननं कपाळावरची पट्टी सुटली तरी थांबायचं नाव घेतलं नाही. भगवानराव दोराची गुंडाळी करत बसून होते. शेवटी ते उठले आणि गुरुजींपुढं आले.

"गुरुजी, ह्याच्यातलं तुम्ही काय शिकवलं?"

"काही नाही," नागोराव म्हणाले. "मी आज तोंड उघडलं नाही."

बापूजी झाडावरून उतरला होता. धापा टाकत, हातावरचे ओरखडे न पाहता तो पायलसमोर उभा राहिला आणि मग गावाकडं वळून म्हणाला, "मी जितकं चढलो, तितकं हिनं खाली बसूनच सांगितलं." एवढंच बोलला. पण ते त्यानं दोनदा सांगितलं.

त्याच दुपारी केंद्रप्रमुखांनी शाळेच्या भेटपुस्तकात लिहिलं, की आठवड्यातले तीन दिवस वर्ग रानात भरवावा, रुपीबाईनं घालून दिलेले नियम पाळावेत, आणि प्रत्येक वेळी एक पालक बरोबर असावा. पहिल्या पालकाचं नाव भगवानरावांनी स्वतःचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नागोराव पोरांना घेऊन नाल्यावर पोहोचले तेव्हा पायल आधीच तिथं होती, एकटी, गडू घेऊन. ती सागाच्या सावलीच्या आदल्या दिवशीच्या खुंटीपाशी पाणी ओतत होती.

"काय करून राह्यली वं?"

"गुरुजी, ती एक वीत कुठं गेली?" तिनं वर न पाहता विचारलं. रात्रभर तिला ती वीत सलत होती. "सुतळी बरोबर होती. खुंट्या बी बरोबर होत्या. मंग चुकलं कुठं?" तिनं पुन्हा पाणी ओतलं. पाणी थोडं थांबलं आणि मग बारीक धार होऊन सागाच्या बुंध्याकडं परत वाहू लागलं. पायल उठून उभी राहिली. "पाहा! जमीन चढती हाय! सावली चढावर पडली, म्हणून आखूड पडली!"

नागोराव उकिडवे बसले, पाण्याची धार पाहिली, आणि त्यांनी ते केलं जे तेहतीस वर्षांत कोणत्याही पोरासमोर केलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, उंच हवेत फेकली आणि मोठ्यानं हसले. ती नाल्यात पडली आणि आणायला तीन पोरं धावली.

पुढच्या वेचणीच्या दिवसांत हजेरीपटावर चाळीसपैकी छत्तीस पोरं होती. त्या वर्षभरात पोरांनी नाल्याकाठच्या उतारावरची एकशे बारा झाडं मोजली. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर भगवानरावांनी चुना लावून दिला आणि चौथीच्या वर्गानं त्यावर यादी रंगवली. प्रत्येक झाडाचं मराठी नाव, कोलामी नाव आणि उंची. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ती यादी वाचायला पायल उभी राहिली. गाव समोर, पोड समोर, मागं राळेगावहून आलेली तुळसाबाई. पायलनं एकशे बारा नावं वाचली, दोन्ही भाषांत, एकदाही न अडखळता, आणि शेवटच्या नावापर्यंत एकही माणूस जागचा उठला नाही.